आधी चाल की आधी आवाज? रेडिओहेडच्या ‘किड ए’ची गोष्ट

‘द नॅशनल अँथम’ या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या गायकाने, थॉम यॉर्कने, उड्या मारमारून स्वतःचा पाय मोडून घेतला. समोर ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन घेतलेले आठ वादक होते. यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड त्यांच्यापुढे उभे राहून संचालन करत होते. संचालन म्हणजे काय, तर जोर हवा तिथे दोघांनी उड्या मारायच्या. वादकांना दिलेली सूचनाही अजब होती. चार तास ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस, ज्याला आता कुणी एक वाकडा शब्द बोललं तरी तो अंगावर धावून जाईल, त्याच्यासारखं वाजवा. डोक्यात होता चार्ल्स मिंगसच्या जॅझमधला गलका. गाण्यातला बेस आजही ऐका, तोच एक आडदांड तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतो आणि त्याच्यावर हा सगळा भोंग्यांचा कल्लोळ चढत जातो.

आता यातली गंमत बघा. जॉनी ग्रीनवुड हा त्या काळी जगातल्या नावाजलेल्या गिटारवादकांपैकी एक, आणि इथे तो हवेत हात फिरवतोय. बँडचा बेसवादक त्याचा थोरला भाऊ कॉलिन, पण या गाण्यातला बेस वाजवलाय गायकाने, म्हणजे यॉर्कनेच. तो तुकडा त्याला शाळेत असताना सुचलेला.

एखाद्या बँडने ‘साउंड बदलला’ असं आपण सहज म्हणतो. म्हणजे नेमकं काय बदललं? रेडिओहेडचा २००० साली आलेला ‘किड ए’ हा अल्बम हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी, की त्यांनी गिटार टाकली आणि कॉम्प्युटर घेतला. ही गोष्ट निम्मी खरी आहे. वाद्यं बदलली हे दिसतं, म्हणून तेवढंच सांगितलं जातं. माझ्या मते खरा बदल घडला तो गाणं तयार होण्याच्या क्रमात. आधी काय येतं आणि मागाहून काय येतं, कोण काय करतं आणि कोण नुसतं बसून राहतं, हे सगळं उलटंपालटं झालं. गिटार बाजूला पडली, ती त्याच्या ओघात.

थोडं मागे जाऊ. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतली ही पाच मुलं: थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड, एड ओब्रायन, फिल सेलवे. तालीम शुक्रवारी व्हायची म्हणून बँडचं नाव ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ साली ईएमआय कंपनीशी करार झाला आणि नाव बदलून ‘रेडिओहेड’ झालं. हे नाव ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन बँडच्या एका गाण्यातून घेतलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९९२ साली ‘क्रीप’ आलं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या बँडस्पर्धांना जी मंडळी गेली असतील त्यांना हे गाणं ठाऊक असेलच. चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, अख्ख्या गाण्यात फिरून फिरून तेच. ध्रुवपदाच्या आधी गिटारचे दोन-तीन घणाघाती ठोके पडतात. गाणं फारच मऊ वाटतंय म्हणून जॉनीने ते बिघडवायच्या इराद्याने घातलेले, असं सांगतात. श्रोत्यांना नेमके तेच आवडले.

मग १९९५ चा ‘द बेंड्स’, आणि १९९७ चा ‘ओके कॉम्प्युटर’. या दुसऱ्याने त्यांना थेट त्या दशकातल्या सगळ्यात मोठ्या बँडच्या पंगतीत नेऊन बसवलं.

इथपर्यंतचं त्यांचं काम कसं चालायचं, ते समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. गिटार बँडमध्ये कामाची वाटणी जवळपास आपल्या एकत्र कुटुंबासारखी ठरलेली असते. गायक गिटारवर किंवा पियानोवर एक गाणं घेऊन येतो. चाल, कॉर्ड, थोडेफार शब्द तयार असतात. बाकीचे आपापली जागा पकडतात. ड्रम्सवाला ठेका धरतो, बेसवाला तळ सांभाळतो, एक गिटार कॉर्ड वाजवते, दुसरी त्यावर नक्षी काढते. मग सगळे मिळून ते वाजवतात, चांगलं वाजलं की रेकॉर्ड करतात. आधी गाणं, मग त्याचा आवाज. आपल्या भावगीतातही साधारण हाच क्रम: कविता असते, तिला चाल लागते, मग वाद्यमेळ ठरतो. शब्द आधी की चाल आधी यावर आपल्याकडे वाद होतात, पण ‘आवाज आधी’ असं कुणी म्हणत नाही.

आवाज म्हणजे इथे गळा नव्हे. एकच चाल पेटीवर वाजवा, बासरीवर वाजवा आणि लग्नाच्या वरातीतल्या क्लॅरिनेटवर वाजवा. सूर तेच, लय तीच, तरी तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. हा जो फरक आहे त्याला नादाचा पोत म्हणू. बँडचा ‘साउंड’ म्हणजे मोठ्या प्रमाणात हा पोत. त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात, एक म्हणजे आवाज कुठल्या जागेत घुमतोय आणि दुसरी म्हणजे त्याला ध्वनिमुद्रणानंतर किती कापलं, ताणलं, दाबलं. हे सगळं बदलता येतं आणि चाल तशीच ठेवता येते. ‘किड ए’मध्ये उलट झालं. आधी पोत सापडायचा आणि त्यातून चाल निघते का ते पाहिलं जायचं. निघाली नाही, तरी काही वेळा चालायचं.

हे करावंसं का वाटलं? दमणूक, हे पहिलं उत्तर. ‘ओके कॉम्प्युटर’नंतर बँड दीर्घ काळ दौऱ्यावर होता. त्या दौऱ्यावर ‘मीटिंग पीपल इज ईझी’ नावाची डॉक्युमेंटरी निघाली. तीत गाण्यांपेक्षा मुलाखती, हॉटेलं आणि रिकामे चेहरेच जास्त दिसतात. यॉर्कची अवस्था वाईट होती. गाणी सुचत नव्हती. भरीला रेडिओ लावला की त्यांच्याच वळणाचे, उंच पट्टीत हुंदके देणारे बँड ऐकू यायचे. स्वतःची नक्कल इतकी स्वस्तात मिळू लागली की अस्सल माणसालाही स्वतःचा कंटाळा येतो. यॉर्कला तर स्वतःच्या गळ्याचाही आला होता. चाल या गोष्टीवरूनच त्याचं मन उडालं, नुसता ताल हवासा वाटू लागला.

त्याने कॉर्नवॉलमध्ये, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, समुद्राकाठी घर घेतलं. कड्यांवरून फिरायचं, चित्रं काढायची, आणि वाद्य म्हणून फक्त पियानो. पियानो त्याला धड येत नव्हता, हेच त्याला सोयीचं होतं. हाताला सवयीची वळणं नसली की नवीन काही सापडण्याची शक्यता वाढते. सोबत त्याने शेफील्डच्या ‘वॉर्प’ या कंपनीच्या जुन्या रेकॉर्डांचा साठाच विकत घेतला. एफेक्स ट्विन, ऑटेकर वगैरे मंडळींचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यात माणसाचा गळा जवळपास नसतोच, सगळं यंत्रांतून आलेलं, आणि तरीही ऐकणाऱ्याला गलबलून येऊ शकतं. गळ्याचा कंटाळा आलेल्या गायकाला आणखी काय हवं!

पण बँडमध्ये पाच माणसं असतात. १९९९ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा बाकीच्यांना काय करायचं ते कळेना. यॉर्क आणायचा ती कधी नुसती ठेक्याची चौकट असायची, कधी एखादा आवाज. गाणं नसायचंच. गाणंच नाही तर गिटारवाल्याने साथ कशाला करायची? ओब्रायनला तर मुळात छोटी, सुरेल, गिटारची गाणी करावीत असं वाटत होतं. त्यांचा निर्माता नायजेल गॉडरिच. निर्माता म्हणजे इथे पैसे घालणारा नव्हे, तर रेकॉर्डिंगचा कारभार आणि कान सांभाळणारा. तोही सुरुवातीला बुचकळ्यात पडला. जे छान चाललंय ते मोडायचं कशाला?

मार्चमध्ये कोपनहेगनला दोन आठवडे गेले. टेपची पन्नासेक रिळं भरली, प्रत्येकात पंधरा मिनिटं, आणि पूर्ण झालेलं गाणं एकही नाही. एप्रिलमध्ये ग्लॉस्टरशरमधल्या एका प्रशस्त हवेलीत मुक्काम हलला, तिथे बैठकांमागून बैठका झाल्या. शेवटी ठरलं, की प्रसिद्ध करण्याजोगा अल्बम झाला नाही तर बँड बंद करायचा. जुलैपासून ओब्रायन इंटरनेटवर रोजनिशी लिहू लागला. त्या काळात एवढ्या मोठ्या बँडने आपली अडचण अशी चव्हाट्यावर मांडणं हे नवलच होतं.

कोंडी फुटण्याच्या बाबतीत एका गाण्याचं नाव नेहमी घेतलं जातं, ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’. अल्बममधलं हे पहिलंच गाणं. यॉर्कने ते पियानोवर केलं होतं, पण रेकॉर्ड केलं ‘प्रॉफेट-५’ या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या कीबोर्डवर. हे १९७८ सालचं यंत्र, एका वेळी पाच सूर काढू शकणारं, म्हणून नावात पाच. त्याचा आवाज किंचित धुकाळ, उबदार, थोडा पाण्याखालून आल्यासारखा. यॉर्क आणि गॉडरिच या दोघांनीच मुख्यतः हे गाणं केलं. यॉर्कचा गळा रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे केले, पुढेमागे ओढले, विस्कटले. म्हणून सुरुवातीला शब्द कळण्याआधी तुम्हाला त्या गळ्याचा चुरा ऐकू येतो.

एक तालाची गंमत. हे गाणं दहा मात्रांचं आहे. आपल्या कानांना लगेच झपताल आठवेल, पण २-३-२-३ अशी टाळी द्यायला जाल तर फसाल. खालून ड्रम प्रत्येक मात्रेवर सारखाच पडतो, सम दाखवत नाही. वरचे कॉर्ड स्वतःच्या मर्जीने वळतात. त्यामुळे पाश्चात्त्य श्रोता, ज्याचा कान चारच्या गुणाकाराला सोकावलेला आहे, तो सतत थोडासा पायरी चुकल्यासारखा चालतो. ‘सगळं जागच्या जागी आहे’ असं म्हणणारं गाणं, आणि ऐकणाऱ्याला मात्र जागा सापडत नाही. अल्बममधलं ‘मॉर्निंग बेल’ पाच मात्रांचं आहे, तिथेही हाच प्रकार, पण कमी तीव्र.

या गाण्याचं बँडवर झालेलं काम वेगळंच होतं. ओब्रायन आणि सेलवे यांनी नंतर सांगितलं, की आपण फारसं काहीच न वाजवलेलं गाणं इतकं चांगलं झालंय आणि आपल्याला त्याचा आनंद होतोय, ही जाणीवच मोकळं करणारी होती. मला हा सगळ्या गोष्टीतला कळीचा भाग वाटतो. प्रत्येक गाण्यात प्रत्येकाने वाजवलंच पाहिजे, हा नियम मोडला. लग्नात प्रत्येक काकाने वाढायला उभं राहिलंच पाहिजे असा हट्ट सोडला की पंगत बरी उठते, तसंच काहीसं.

जानेवारी २००० मध्ये गॉडरिचने आणखी एक शक्कल काढली. बँडचे दोन गट केले, दोन खोल्या. एका गटाने काही आवाज, काही आवर्तनं तयार करायची, गिटार-ड्रम्ससारख्या नेहमीच्या वाद्यांना हात न लावता. मग ते दुसऱ्या गटाकडे जाणार आणि ते त्याला पुढे नेणार. या प्रयोगातून थेट फार गाणी निघाली नाहीत, पण हात मोकळे झाले. काही महिन्यांत वीसहून जास्त गाणी झाली.

हे सगळं त्यांनीच पहिल्यांदा केलं असं मात्र नाही. ज्यांच्या गाण्यावरून नाव घेतलं त्या टॉकिंग हेड्सनी १९८० साली ‘रिमेन इन लाइट’ केला, तोही आधी वाजवत राहायचं, आवर्तनं साठवायची आणि गाणं त्यातून मागाहून काढायचं, अशाच पद्धतीने. जर्मनीतला ‘कॅन’ हा बँडही सत्तरच्या दशकात तासन्‌तास वाजवून टेप कापायचा. रेडिओहेडच्या मंडळींना हे सगळं चांगलं ठाऊक होतं. जुन्या पद्धतीचं रेकॉर्डिंग लुगडं विणण्यासारखं, एका धाग्याने सलग. ही पद्धत गोधडीची. जुनी पातळं, कुणाचं फाटकं धोतर, मुलाचा आखूड झालेला सदरा, आणि मग त्यातून ऊब.

गोधडीचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे ‘इडिओटेक’. जॉनी ग्रीनवुडने एका मॉड्युलर सिंथेसायझरवर खेळत पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. मॉड्युलर म्हणजे ज्यात आवाजाचे वेगवेगळे भाग वायरी खुपसून एकमेकांना जोडावे लागतात. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची आठवण यावी असं ते दिसतं. ही टेप त्याने यॉर्ककडे दिली. यॉर्कने सगळी ऐकली, आणि त्यातला साधारण चाळीस सेकंदांचा तुकडा उचलला. बाकी सगळं बाजूला. त्या तुकड्याखाली थंड, कोरडा इलेक्ट्रॉनिक ठेका आणि वर यॉर्कचा कापरा गळा.

पण त्या चाळीस सेकंदांतले चार कॉर्ड जॉनीचेही नव्हते. ते पॉल लॅन्स्की या अमेरिकन संगीतकाराचे. लॅन्स्कीने १९७३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आयबीएमच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर एक रचना केली होती, ‘माइल्ड उंड लाइझ’. ज्या काळात कॉम्प्युटर खोलीभर असायचा आणि एक आवाज ऐकायलाही बराच वेळ थांबावं लागायचं, त्या काळातलं काम. इलेक्ट्रॉनिक संगीतस्पर्धेतल्या विजेत्यांची एक एलपी १९७६ मध्ये निघाली होती, तीत ही रचना होती. अमेरिकेच्या दौऱ्यावर जॉनीला ती जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात सापडली. त्याच एलपीवरच्या आर्थर क्रीगर यांच्या रचनेतलाही तुकडा त्याने घेतला. लॅन्स्कीला पत्र लिहून परवानगी मागितली आणि ती मिळाली. आणि आणखी एक पदर: लॅन्स्कीची रचना मुळात जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ‘ट्रिस्टन उंड इझोल्ड’ या ऑपेरातल्या सुप्रसिद्ध, अधांतरी ठेवणाऱ्या कॉर्डवर आधारलेली. म्हणजे १८६५ साली म्युनिकला रंगमंचावर आलेला एक आवाज, १९७३ मध्ये कॉम्प्युटरच्या पोटातून जाऊन, २००० साली ऑक्सफर्डच्या पाच जणांच्या हाती नाचायच्या गाण्यात आला. अल्बमवर ‘थंड’ असल्याचा आरोप करणाऱ्यांना हा प्रवास सांगावासा वाटतो. यात एकही सुटा आवाज पोरका नाही.

जॉनीचा आणखी एक छंद इथे फळला. ओंद मार्तनो. मॉरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने १९२८ मध्ये लोकांसमोर आणलेलं हे इलेक्ट्रॉनिक वाद्य. शाळेत असताना, पंधराएक वर्षांचा असताना, जॉनीने फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियानची ‘तुरंगलीला’ सिंफनी ऐकली, तीत हे वाद्य आहे. (तुरंगलीला हे नाव मेसियानने संस्कृतवरून घेतलं, हे ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही.) तेव्हापासून तो त्याच्या मागे लागला होता.

ओंद मार्तनो कसं वाजतं ते आपल्या माणसाला समजावणं सोपं आहे. समोर पेटीसारख्या पट्ट्या असतात, पण पेटीची जी जन्माची खोड, की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड काढता येत नाही, ती इथे नाही. पट्ट्यांच्या पुढे एक तार ताणलेली असते. तर्जनीत अंगठी घालायची, ती त्या तारेला जोडलेली, आणि हात डावी-उजवीकडे सरकवला की सूर अखंड सरकतो. डाव्या हाताशी एक बटण असतं, ते जितकं दाबाल तितका आवाज फुलतो. न दाबल्यास काहीच ऐकू येत नाही. म्हणजे उजव्या हातात सूर आणि डाव्यात श्वास. त्याच्या एका स्पीकरवर तारा ताणलेल्या असतात, त्या मूळ आवाजाबरोबर आपोआप झंकारतात. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफा जशा. पेटीला आकाशवाणीवर ज्या कारणासाठी कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं, ते कारण ऐकल्यावर मार्तनोसाहेब बहुधा समाधानाने हसले असते.

‘हाउ टु डिसअपिअर कम्प्लीटली’ या गाण्यात जो आवाज वाऱ्यासारखा, कुणीतरी दूर रडत असल्यासारखा येतो, तो ओंद मार्तनोचा, एकावर एक थर देऊन केलेला. त्यासोबत खऱ्या व्हायोलिन-चेलोंचा वाद्यवृंद आहे, डॉर्चेस्टरच्या ॲबीत, म्हणजे जुन्या दगडी चर्चमध्ये, रेकॉर्ड केलेला. आणि तळाशी काय आहे? साधी अकूस्टिक गिटार. कॉम्प्युटरच्या अल्बमबद्दल बोलत होतो ना आपण!

शीर्षकगीतात, म्हणजे ‘किड ए’त, यॉर्क गात नाही, बोलतो. त्याच्या बोलण्याला सूर दिलाय जॉनीने, ओंद मार्तनोवरून. गळा एकाचा, चाल दुसऱ्याच्या बोटांतली. स्वतःच्या आवाजाचा कंटाळा आलेल्या माणसाने यावर काढलेला हा तोडगा मला भलताच आवडतो. ‘ट्रीफिंगर्स’ हा पूर्ण बिनशब्दांचा, तरंगता तुकडा ऐकून वाटतं सिंथेसायझर आहे. ती ओब्रायनची गिटार आहे, ताणून ताणून ओळखू न येण्यापर्यंत नेलेली. गिटार गेली नव्हतीच, वेष बदलून बसली होती. ‘ऑप्टिमिस्टिक’मध्ये तर ती उघड्या तोंडाने वाजते. आणि शेवटच्या ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’मध्ये पायाने भाता मारायचा ऑर्गन आहे, म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला चुलतभाऊ. हे गाणं ‘क्रीप’च्या काळातलं. म्हणजे नव्या बाजाच्या अल्बमचा शेवट सगळ्यात जुन्या गाण्याने.

शब्दांचंही तेच. सलग अर्थाची कविता लिहिणं यॉर्कला जमेना, तेव्हा त्याने सुट्या ओळी चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि टोपीतून एकेक काढल्या. भिशी काढतात तशी. दादावादी कवी ट्रिस्टन झारा याने १९२० च्या आसपास हीच युक्ती सांगितली होती. कधी त्यातून चमकदार काही लागतं, कधी नुसतंच ‘काहीतरी खोल आहे बुवा’ असा आव येतो. ‘किड ए’मध्ये दोन्ही आहे. अल्बमच्या भक्तांनी दुसरी गोष्ट मान्य करायला हरकत नसावी.

२ ऑक्टोबर २००० ला अल्बम आला. सिंगल नाही, म्हणजे रेडिओवर वाजवण्यासाठी एखादं गाणं आधी सुटं काढण्याची जी रीत, ती पाळली नाही. संगीत वाहिन्यांसाठी नेहमीसारखे व्हिडिओ नाहीत. त्याऐवजी काही सेकंदांच्या चित्रफिती, बँडच्या अल्बमांची चित्रं काढणाऱ्या स्टॅनली डॉनवुडच्या टोकदार डोंगरांच्या आणि दात विचकणाऱ्या अस्वलांच्या. अमेरिकेत ‘कॅपिटॉल’ कंपनीने एक छोटं सॉफ्टवेअर केलं, जे चाहत्यांनी आपापल्या वेबसाइटवर बसवायचं आणि त्यातून अल्बम ऐकायचा. शिवाय नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवर लोक एकमेकांना गाणी फुकट द्यायचे त्या सेवेवर, तो आधीच फुटला होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला ही नवी गाणी वाजवली, दुसऱ्या दिवशी सगळा कार्यक्रम नॅपस्टरवर. तीन आठवड्यांनी इस्रायलमध्ये वाजवायला गेले तर श्रोत्यांना शब्द पाठ! कॉलिन ग्रीनवुडला याचा राग नाही, आनंद झाला होता.

आणि झालं असं, की ‘ओके कॉम्प्युटर’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या अल्बमविक्रीच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत पोचला होता, तर हा न कळणारा, बिनजाहिरातीचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. आधीच्या अल्बमने कमावलेली उत्सुकता आणि इंटरनेटवर आधीच पसरलेली गाणी, असा हा दुहेरी हिशेब असावा.

समीक्षकांत मात्र फूट पडली. ब्रिटनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाने पाचपैकी दीड तारा दिला. अमेरिकेत ‘पिचफोर्क’ या तेव्हा लहानशा वेबसाइटने दहापैकी दहा दिले. (मेलडी मेकर त्याच वर्षाअखेर बंद पडलं. याचा त्या परीक्षणाशी संबंध नाही, पण कोण चढतंय आणि कोण उतरतंय याची खूण म्हणून ध्यानात ठेवण्यासारखं आहे.) कादंबरीकार निक हॉर्नबीने ‘न्यू यॉर्कर’मध्ये जे म्हटलं त्याचा आशय असा, की या अल्बमला जो धीर आणि जी भक्ती लागते ती नोकरीला लागलेल्या माणसाकडे उरत नाही. या टीकेची भक्तांनी भरपूर टिंगल केली आहे. मला ती अगदीच चूक वाटत नाही. मी पहिल्यांदा हा अल्बम ऐकला तेव्हा मित्राने कॅसेट भरून दिली होती, माझ्याकडे रिकाम्या दुपारी होत्या, आणि तरी ‘ट्रीफिंगर्स’ आलं की मी पुढे पळवायचो. वर्षभराने पळवणं थांबलं. आता चाळिशीत कुणी नवा बँड अशी वर्षभराची मुदत मागेल तर मी देईन का, खात्री नाही.

उरलेली गाणी २००१ च्या जूनमध्ये ‘ॲम्नीझिॲक’ या नावाने आली. दोन्ही मिळून एकच दुहेरी अल्बम करायचा विचार होता, पण एवढं एकदम पचणार नाही म्हणून वेगळे केले. शहाणपणाचं झालं. पुढे गिटारही ठणठणीत परतली. २००७ चा ‘इन रेनबोज’ ऐका, जो लोकांनी वाटेल ती किंमत देऊन इंटरनेटवरून घ्यावा असं बँडने सांगितलं होतं. पण कामाची वाटणी पहिल्यासारखी परत झाली नाही. जॉनी चित्रपटांना संगीत देऊ लागला. २०१५ मध्ये तो आणि गॉडरिच जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी कव्वाल-वादकांसोबत ‘जुनून’ रेकॉर्ड करत होते, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना तो पहिल्यांदा ठाऊक झाला. तिथेही तो बऱ्याचदा मागे बसून बेस आणि ठेक्याच्या यंत्राकडे बघताना दिसतो. पुढे येऊन गिटार गाजवण्याची घाई त्याला दिसत नाही.

एक प्रश्न राहिला. असा कापून-जोडून केलेला अल्बम स्टेजवर वाजवायचा कसा? ज्या गाण्यात गळ्याचा चुरा आहे ते जिवंत माणसाने गायचं कसं? सीडी लावून ओठ हलवण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ला यॉर्क कीबोर्डवर बसून सरळ गायचा आणि जॉनी त्याचा गळा तिथल्या तिथे ‘केऑस पॅड’ या छोट्या यंत्रात पकडायचा. त्यावर बोट फिरवलं की पकडलेला आवाज चिरतो, उलटा होतो, घोटाळत राहतो. त्यामुळे प्रत्येक रात्री चुरा वेगळा पडायचा.

कित्येक कार्यक्रम त्यांनी याच गाण्यावर संपवले. यॉर्क गाणं थांबवतो, हात हलवतो, आत निघून जातो. त्याचा गळा मात्र हॉलमध्ये फिरतच राहतो. जॉनी आणि ओब्रायन स्टेजवर गुडघे टेकून यंत्रांच्या गुंड्या फिरवताहेत, लोक टाळ्यांनी ठेका धरताहेत, आणि मग तेही उठून जातात. रिकाम्या स्टेजवर दिवे चालू असतात, गायक नसलेला आवाज आणखी थोडा वेळ चालतो, आणि कुणीतरी पडद्यामागून बटण बंद करतं.